भुरीच्या पोटाचा घेर

१० ऑगस्ट, शनिवार

आजपासून नवी वही. चौतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली, आता निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नाही. काहीतरी नोंदवावंसं वाटतंच. डावं पान आकड्यांचं, उजवं पान मनातलं. नियम वॉर्डातलेच. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. लपवलेली चूक पेशंटला भोवते, असं मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे.

निमित्त भुरीचं, आमच्या कुत्रीचं आहे. भुरी माजावर आली त्याला आज दहा दिवस झाले. सात वर्षांची आहे, अजून एकदाही व्यायली नाही. यंदा मी ठरवलंय, एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्यायची. आईपण न बघताच बिचारीने म्हातारं व्हायचं म्हणजे काय. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा साहेब आहेच. मास्तर गाडी चालवायला शिकवतात आणि साहेब खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो. दोघांचा आवाज सारखाच आहे, पण कुत्रा तब्येतीने चांगला.

छोट्या डॉक्टरणीला विचारलेलं नाही. तिचा प्राण्यांचा दवाखाना झाल्यापासून एकच धोशा: ‘सिस्टर, भुरीचं ऑपरेशन करून घ्या, पिशवी काढून टाकू.’ ही माझ्याच वॉर्डात जन्मली. जन्मल्यावर रडत नव्हती म्हणून मीच पाठ चोळून, टाचेवर टिचक्या मारून रडवली होती. तिने आता मला गर्भपिशवीबद्दल चार गोष्टी सांगाव्यात.

संध्याकाळी लेक आली होती. छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे कानावर कायम लाल पेन्सिल. जेवणाच्या टेबलावरसुद्धा काढत नाही. म्हणाली, “सहा पिल्लं झाली तर कुणाला देणार?” मी पाच घरं मोजून दाखवली. म्हणाली, “आणि सहावं?” मी म्हटलं, “तुला. सराव होईल.” तर म्हणते, “आई, आम्हाला मूल नकोय. आम्ही दोघांनी ठरवलंय.”

ती हे थट्टेत म्हणाली. लहानपणापासून तिला असं तोंडावर फेकायची सवय आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज भुरीचा दिवस होता आणि नेमकी माझी दाढ काढायची वेळ आजचीच. पुढे ढकलली असती तर महिनाभर पुन्हा नंबर लागला नसता. म्हणून सगळं यांच्यावर सोपवलं. मास्तर साहेबाला खाली सोडून शिकवणीला गेले, मी दातांच्या डॉक्टरकडे गेले.

परत आले तर हे टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून, कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेले. भिंग लावलं की यांना ऐकू येत नाही. दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, “झालं.”

“किती वेळ?”

“मी घड्याळ नाही बघितलं.”

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, चारी भिंतींवर घड्याळं टांगलेली, आणि म्हणे बघितलं नाही. असल्या विषयात हे पहिल्यापासून लाजरे. लेकीच्या वेळी वॉर्डाच्या दारातून आत यायला दोन तास लावले होते. मी जास्त ताणलं नाही.

बिस्किटांचा मोठा डबा रिकामा दिसला. संध्याकाळी मास्तर म्हणाले, साहेब जेवायलाच तयार नाही. नव्या नवरदेवाला भूक कुठली.

डाव्या पानावर लिहिलं: मिलन झालं, १३ ऑगस्ट. तारीख १५ ऑक्टोबरची धरते.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सोळावा दिवस. वजन चौदा किलो. पोटाचा घेर बावन्न सेंटीमीटर. पाणी सातशे मिली. पाणी मापाच्या भांड्याने मोजून ठेवते आणि उरलेलं मोजून वजा करते. हे म्हणाले, “तिला तरी माहीत आहे का आपण काय काय मोजतो ते.” मी म्हटलं, पेशंटला कधीच माहीत नसतं.

लोकर घरात पडून होती म्हणून विणायला काढली. एक पिवळा स्वेटर झाला, पांढऱ्याची पाठ झाली. अगदी लहान मापाचे आहेत. कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडतील. विणकामाच्या पिशवीतच वही ठेवते, म्हणजे दोन्ही हाताशी राहतात आणि त्या पिशवीत दुसरं कुणी हात घालत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

घेर चौपन्न. पाणी अकराशे. जेवण अर्ध्यावर आलंय, कालची अंड्याची वाटी हुंगून सोडून दिली. डोहाळेच. वॉर्डात एक बाई होती, तिला नऊ महिने फक्त खडू खावासा वाटायचा.

सकाळी हे समोर येऊन बसले. भिंग नव्हतं. म्हणाले, “अगं, तुला एक सांगायचंय.”

मी घेर मोजत होते, टेप सुटली. म्हटलं, “ते भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद पडल्याचं असेल तर मला माहीत आहे. नंतर.”

थोडा वेळ बसले आणि उठून गेले. मग बराच वेळ ते घड्याळच दुरुस्त करत होते.

१४ सप्टेंबर, शनिवार

पाणी पंधराशे. घेर छप्पन्न. दोनदा घरात लघवी केली. पिल्लू होती तेव्हाही भुरीने असं केलं नव्हतं. करून झाल्यावर कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी रागावले नाही. पिशवी वाढली की मूत्राशयावर दाब येतो, बायकांचंही तेच होतं.

पिल्लं घेणाऱ्या पाच घरांपैकी तीन गळाली. एकाला बाहेरगावी जायचंय, एकाच्या सुनेला केस चालत नाहीत आणि तिसऱ्याने, मी दिसताच, पलीकडच्या फुटपाथवरून जायला सुरुवात केली आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते. पोटावर हात ठेवून बसले होते, चांगली दहा मिनिटं. आत काहीच लागत नाही. कणीक भरलेल्या पिशवीसारखं मऊ, जड पोट. पाचव्या आठवड्यात इतक्यात लागतही नसेल. कुत्रीचा अनुभव नाही मला, पण पोट ते पोट.

१८ सप्टेंबर, बुधवार

दोनदा उलटी झाली, पिवळी. ताप एकशे तीन पॉइंट दोन. कुत्र्याचा ताप माणसापेक्षा जास्तच असतो, पण हा त्यांच्या हिशेबानेही जास्त आहे. पाणी अठराशे.

दुपारी कण्हत होती. ऐकवेना. माझ्या गुडघ्याच्या गोळीतली पाव दिली, दुधातून. वॉर्डात कुणी आपली गोळी दुसऱ्याला दिली असती तर मी तिला सगळ्यांसमोर उभी केली असती. डाव्या पानावर वेळेसकट लिहिलं आहे.

दवाखान्यात नेलं तर छोटी डॉक्टरीण आधी तोंड वाकडं करणार: न विचारता, सात वर्षांच्या कुत्रीला. ते ऐकायची आज ताकद नाही. दोन दिवस बघते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लेक आली ती दारातच थबकली. भुरी उठून आली नाही, नुसतं शेपटीचं टोक दोनदा हलवलं. लेक तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, “ही आजारी आहे.”

“गाभण आहे.”

“आई, हिच्या डोळ्यांकडे बघ. आत्ता दवाखान्यात नेऊ या.”

“साडेतीन हजार बाळंतपणं केलीत मी. तू एक तरी बघितलंस का? तुला काय कळतंय त्यातलं. कळून घ्यायचीही इच्छा नाही तुला.”

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. लेकीने पेन्सिल कानावरून काढली, हातात फिरवली, पुन्हा ठेवली. यांच्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगणार आहात की नाही?” हे उठून गॅलरीत गेले. ती चहा न घेता गेली.

सगळे माझ्यावर रागावलेत आणि भुरी एकटी माझ्याकडे बघते आहे. तिला माझ्यावर भरवसा आहे, हेच आज मला सोसत नाही.

पुन्हा पाव गोळी.

२३ सप्टेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. वही माझ्याजवळ नव्हती. आता ओळीने सगळं लिहिते, वगळत काही नाही.

काल सकाळी भुरीचं अंथरूण बदलायला वाकले आणि वास आला. अंथरुणावर रुपयाएवढा डाग, तपकिरी. तो वास मला माहीत आहे. बाळंत होऊन आठवडा झालेल्या बायका तापाने फणफणून वॉर्डात परत यायच्या आणि दारात पाऊल टाकताच कळायचं. पिशवी सडल्याचा वास. चौतीस वर्षांत तो मी कधी चुकवला नाही. बोटाने डाग उचलून नाकाशी नेला. तोच होता.

यांना हाक मारली. ते धावत आले. मी म्हटलं, “पू आहे. पिशवीत पू झालाय. मास्तरांना बोलवा.”

रविवार होता. छोट्या डॉक्टरणीला घरी फोन केला. तिने एक शब्द जास्तीचा विचारला नाही. म्हणाली, “या. मी कुलूप काढून ठेवते.”

मास्तरांची शिकवणीची गाडी. तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. हे तिथे बसले आणि प्रत्येक वळणावर घाबरून पाय दाबू लागले. गाडी गचके खात थांबायची, मागे माझ्या मांडीवर भुरी कण्हायची. तिसऱ्या वेळी मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, “तुम्ही पाय वर घ्या बघू. मांडी घालून बसा.” हे मांडी घालून बसले. तसेच, डोळे मिटून, दवाखान्यापर्यंत.

डॉक्टरणीने भुरीला टेबलावर घेतलं, हिरड्या दाबून बघितल्या, पोटावर जेल लावून मशीन फिरवलं. मला म्हणाली, “लागली कधी?”

“तेरा ऑगस्टला. साहेबाशी.”

“नक्की?”

“हे समोर होते.”

डॉक्टरणीने यांच्याकडे बघितलं. मग हे म्हणाले, “लागली नाही.” त्यांचा आवाज इतका बारीक होता की मास्तरांनी दारातून मान आत घातली. “साहेबाला मी स्वयंपाकघरात बसवलं होतं. बिस्किटं घालत. भुरी आतल्या खोलीत होती. दार मीच लावलं होतं.”

“का?” मी विचारलं.

“भुरीचे कान दाखवायला आलो होतो तेव्हा ही डॉक्टरीण म्हणाली होती की या वयात पहिली खेप म्हणजे धोका आहे. मला भीती वाटली. आणि तुला सांगायचीही भीती वाटली. लेकीला तेवढं सांगितलं होतं. मला वाटलं, दिवस भरले की आपोआप कळेल, पिल्लं नाहीत म्हणून. तू चार दिवस हिरमुसशील, बस.”

डॉक्टरणीने पडदा माझ्याकडे वळवला. मी आयुष्यात हजारो पडदे बघितलेत. मी ठोका शोधत होते. अजूनही. ठोका कुठेच नव्हता. काळ्या नळ्यांची वेटोळी होती, फुगून एकमेकांवर बसलेली.

“पिल्लं नाहीत, सिस्टर. हा सगळा पू आहे. माज येऊन गेला की महिना-दीड महिन्यात असं होतं. लागली असती तरी झालं असतं, नाही लागली तरी होतं. पिशवीचं तोंड बंद होतं म्हणून बाहेर काही आलं नाही, आज जरासं उघडलं. फुटायच्या आत काढायला हवं. औषध काय काय दिलंय?”

कॅल्शियम सांगितलं. टॉनिक सांगितलं.

“आणखी?”

तिने माझ्याकडे बघितलं. जन्मल्या दिवशी ज्या डोळ्यांनी बघितलं होतं तेच डोळे. मी म्हटलं, “माझी गुडघ्याची गोळी. पाव.”

तिचा हात थांबला. “किती वेळा? शेवटची कधी? सिस्टर, हिची किडनी आधीच त्रासात आहे आणि ही गोळी तिच्यावर आणखी भार टाकते. भूल किती द्यायची, आधी सलाईन किती चढवायचं, त्यावर ठरणार आहे.”

आणि मला आठवेना. तीस-तीस पेशंटची औषधं तोंडपाठ असलेली मी, मला माझ्या एका कुत्रीला शेवटची गोळी परवा दिली की काल, ते आठवेना. बुधवारी दिली एवढं पक्कं. पुढचं सगळं पांढरं. म्हटलं, “लिहिलंय. वहीत.”

वही घरी. विणकामाच्या पिशवीत. घराची दुसरी किल्ली लेकीकडे, आणि लेक परवा माझ्याकडून चहा न घेता गेलेली. फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटलं, “माझ्या विणकामाच्या पिशवीत निळी वही आहे. दवाखान्यात घेऊन ये. धावत ये.”

“कुठलं पान?”

“डावं. सगळी डावी पानं. फक्त डावी.”

तिकडे किल्ल्या खुळखुळल्या. मग म्हणाली, “बरं.”

वीस मिनिटांत आली. चेहरा लाल झाला होता, धावत आली असणार. वही तिने डॉक्टरणीच्या हातात दिली नाही. स्वतः उघडून तिच्यासमोर धरली, डावी पानं एकेक करून उलटत, आणि प्रत्येक वेळी उजव्या पानावर आपला तळहात पालथा ठेवत. डॉक्टरीण बोट फिरवत वाचत गेली: सातशे, अकराशे, पंधराशे, अठराशे. उलट्या. ताप. गोळी बुधवारी दुपारी दोनला, शुक्रवारी सहाला, शनिवारी सकाळी नऊला. शनिवार. चोवीस तास झाले होते.

“एवढं तर आमच्याकडे ठेवलेल्या कुत्र्यांचंही कुणी लिहीत नाही,” ती म्हणाली. “पाणी कधीपासून वाढलं ते नेमकं कळलं. तीन तास सलाईन चढवू, मग आत घेते.”

मी म्हटलं, “पोरी, मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“ते नंतर, सिस्टर. आत्ता हिचा पाय धरा, शीर सापडत नाहीये.” शीर मी शोधून दिली. तेवढं तरी हाताला आठवत होतं.

ऑपरेशन दीड तास चाललं. बाहेर बाकावर आम्ही तिघं, मास्तर उभे. लेक वही मांडीवर घेऊन, पेन्सिल हातात धरून बसली होती. मला वाटलं डॉक्टरणीसाठी आकडे उतरवून घेते आहे.

मग दार उघडलं. डॉक्टरीण ट्रे घेऊन बाहेर आली, कारण मी बघायला मागणार हे तिला माहीत होतं. चौदा किलोच्या कुत्रीच्या पोटातून दीड किलोची पिशवी. घेराचा तो वाढलेला प्रत्येक सेंटीमीटर मी आनंदाने टिपला होता. तो हा होता.

भुरी जिवंत आहे. पुढचं दोन दिवसांत कळेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अजून खात नाही. किडनीचे आकडे वाईट आहेत, कालच्यापेक्षा जास्त. दिवसभर तिच्या पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसून होते. हात आत घातला की हुंगते आणि जीभ लावते. ज्याने गोळी भरवली त्याच हाताला.

यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. आज डबा घेऊन आले, तेव्हा म्हटलं, “खोटं का बोललात याचा राग नाही. आठ सप्टेंबरला सांगायला आला होतात आणि मी ऐकलं नाही, त्याचा आहे. तो राग कुणावर काढायचा ते कळत नाही.”

ते म्हणाले, “माझ्यावर काढ. मला सवय आहे.”

तेरा ऑगस्टच्या डाव्या पानावर ‘मिलन झालं’ आहे, त्यावर रेघ मारून सही केली. त्यांना म्हटलं, तुम्हीही करा. त्यांनी माझ्याखाली केली.

२५ सप्टेंबर, बुधवार

किडनीचे आकडे उतरले. दुपारी अर्धं अंडं खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसली. मी शौचालयात जाऊन रडून आले.

डॉक्टरीण सलाईन काढत होती तेव्हा मी म्हटलं, “आता सांग. तेव्हा मी ऐकलं नव्हतं ते सगळं.” तिने फुशारकी न मारता सांगितलं. लहानपणीच पिशवी काढली असती तर हे दुखणं झालंच नसतं, पिशवीच नाही तर पू कशात होणार. पहिल्या एकदोन माजांच्या आत केलं तर छातीच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. आणि एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, या समजाला काही आधार नाही, कुत्रीला त्याने काहीच मिळत नाही. “ते आपल्याला हवं असतं, सिस्टर,” ती म्हणाली. मग मला मागच्या खोलीत नेलं. खोक्यात चार पिल्लं होती, डोळेही न उघडलेली, दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलेली. महिन्यातून दोनतीन खोकी येतात म्हणे. ही वाचली तर वाचली.

मला माझी पाच घरं आठवली. त्यातली शेवटची दोनही परवा गळाली.

२८ सप्टेंबर, शनिवार

भुरी घरी. टाक्यांना तोंड लावते, आणि गळ्यातलं प्लास्टिकचं ते भोंगं घातलं की दारांना धडकत फिरते. लेक म्हणाली, “अंगात काहीतरी घालायला हवं. पोट झाकेल असं.” बोलून गप्प झाली. विणकामाची पिशवी तिने उघडली होती, आत काय आहे ते तिला माहीत होतं. मीच पिवळा स्वेटर काढला आणि उसवायला बसले. पांढऱ्याचीही लोकर लागली. लेक समोर हात पुढे करून बसली आणि मी तिच्या हातांवर लोकर गुंडाळत गेले, शाळेत होती तेव्हा बसायची तशी.

पिवळ्यापांढऱ्या पट्ट्यांत भुरी मास्तरांच्या शिकवणीतल्या खांबासारखी दिसते. मास्तरांनी साहेबाचाही नंबर लावलाय. डॉक्टरणीने त्यांना सांगितलं, नराचंही करून घेतलं की माजावरच्या कुत्रीमागे पळत सुटत नाही आणि तिथल्या गाठीचीही भीती राहत नाही. मास्तर मान हलवत होते, पण दोन्ही हात खिशात घालून पाय जवळ घेऊन उभे होते. हे म्हणाले, “मास्तर, ऑपरेशन साहेबाचं आहे.”

३ ऑक्टोबर, गुरुवार

टाके निघाले. पाणी सातशे. घेर पन्नास. जिन्यावर साहेबावर भुंकली.

संध्याकाळी डॉक्टरणीसाठी पाण्याचे सगळे आकडे एका कागदावर उतरवत होते. तिला ते इतर पेशंटवाल्यांना दाखवायचेत. त्यासाठी पहिल्या पानापर्यंत मागे गेले. १० ऑगस्ट. उजव्या पानावर लाल रेघ दिसली.

‘ती हे थट्टेत म्हणाली.’ त्यातल्या ‘थट्टेत’ या शब्दावर लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे. समासात बारीक, गोल अक्षरात: ‘विचार करून’.

बाकावर बसून ती आकडे उतरवत नव्हती.

आधी राग आला. माझी वही, माझं उजवं पान. मग वाटलं, दवाखान्यात हेच पान डॉक्टरणीच्या डोळ्यांपासून तिने हाताने झाकलं होतं. त्याआधी घरीच उजवी पानं तिच्या नजरेस पडली असणार, वीस सप्टेंबरचं माझं ते शेवटचं वाक्यही, आणि तरी धावत आली होती.

मला नातवंड हवं होतं. अजून हवं आहे. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे, आणि ते दुखणं माझं आहे, तिचं नाही.

तिला फोन केला. म्हटलं, “दहा ऑगस्टचं पान बघितलं.”

“बरं,” ती म्हणाली. मग, “रागावलीस?”

“हो. आता नाही. रविवारी दोघं जेवायला या. मी विचारणार नाही काही.”

“विचारलंस तरी चालेल,” ती म्हणाली. “ऐकून घेणार असशील तर.”

फोन ठेवून पुन्हा पान उघडलं. रेघ एकच होती, सरळ, खालचं वाचता येत होतं. शेजारी सही मात्र नव्हती. ती मी केली.